खेळाची वेळ

आमच्या भूमसारख्या तालुक्याच्या गांवीं खो-खोचा सामना म्हणजे दुपारचें कार्य. दोन खुंट, चुन्याच्या रेघा, कडेला शाळा सुटून आलेलीं पोरें, आणि सूर्य मावळतीला टेकण्यापूर्वीं पंचाची शेवटची शिट्टी. आमचा जिल्हा हा खेळ मनापासून खेळतो. याच जिल्ह्यांतील सारिका काळे यांना २०२० सालीं अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हांपासून येथील मुलींच्या धांवण्याकडे घरचीं माणसें थोड्या निराळ्या नजरेनें पाहूं लागलीं आहेत.

गेल्या हिवाळ्यांत महाविद्यालयीन सामन्यांचें यजमानपद आमच्याकडे आलें. एका गृहस्थांनीं मैदानाच्या चारी कोपऱ्यांवर दिव्यांचे उंच खांब उभारून देण्याचें कबूल केलें. अट एवढीच कीं, मुलींचा अंतिम सामना रात्रीं साडेसातला व्हावा, म्हणजे तो घरोघर दाखवितां येईल. बैठकींत कोणीं विरोध केला नाहीं. खरें सांगावयाचें तर आम्हीहि मान डोलाविली. दुसऱ्या दिवशीं संघांतील एक मुलगी भेटावयास आली. "सर, आमच्या गांवाची शेवटची एस्. टी. साडेसहाला सुटते. मग मी कशी खेळूं?" तिच्या स्वरांत तक्रार नव्हती, वेळापत्रकांतील ओळ वाचून दाखवावी तसें तिचें बोलणें होतें. आम्हांला मात्र त्या रात्रीं नीट झोंप आली नाहीं. खेळाची वेळ ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न इतका साधा असूनहि तीस वर्षांच्या अध्यापनांत तो आम्हांला एकदांहि पडला नव्हता.

प्रश्न अर्थातच एकट्या भूमचा नव्हे. अमेरिकेंत महाविद्यालयांचा फुटबॉल हा पिढ्यान् पिढ्या शनिवारच्या दुपारचा खेळ होता. १९८२ सालीं नोटर डेम येथील सामना रात्रीं दाखवितां यावा म्हणून फिरते दिवे आणून मैदान उजळण्यांत आलें. १९८४ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें प्रक्षेपणावरील मध्यवर्ती संस्थेची मक्तेदारी मोडली, आणि सामन्यांची विक्री मोकळी झाली. आज तेथें सामना कोणत्या घटकेला सुरू व्हावयाचा, हें पुष्कळदां बारा, कधीं कधीं तर सहाच दिवस आधीं वाहिनी कळविते. लाखावर माणसें मावणाऱ्या मिशिगनच्या मैदानानें बरींच वर्षें दम धरला. पण २०११ सालीं तेथेंहि रात्रीचा पहिला सामना झालाच. विद्यापीठें ज्ञानाचीं, पण त्यांच्या शनिवारचा धनी दुसराच!

आपल्याकडे हें वारें क्रिकेटमधून आलें. ऑस्ट्रेलियांतील एका वाहिनीचे मालक केरी पॅकर यांना प्रक्षेपणाचे हक्क मिळाले नाहींत, म्हणून त्यांनीं १९७७ सालीं स्वतःचेंच क्रिकेट उभें केलें. दिव्यांचा उजेड, पांढरा चेंडू आणि रंगीत कपडे हीं त्याचींच देणगी. भारतांत दिव्यांखालचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना १९८४ सालीं दिल्लीस झाला. पुढें संध्याकाळीं घरीं परतलेल्या माणसाच्या सोयीनें खेळ चालूं लागला. दुसऱ्या डावांत दंव पडून चेंडू ओला होतो, गोलंदाजाची बोटें घसरतात, आणि नाणेफेकीलाच अर्धा निकाल लागल्यासारखें होतें. पण वेळ बदलत नाहीं.

मुंबईच्या वानखेडे मैदानाची कथा आम्हांला फार बोधक वाटते. ब्रेबोर्न मैदानावर बसावयाच्या जागा कोणाला किती, या भांडणांतून मुंबईच्या क्रिकेट संघटनेनें सत्तरीच्या दशकाच्या मध्यास हें नवें मैदान उभारलें. म्हणजे प्रत्यक्ष येऊन बसणाऱ्या माणसाच्या जागेला तेव्हां एवढी किंमत होती! २०११ च्या विश्वचषकासाठीं त्याचाच जीर्णोद्धार झाला. खुर्च्या ऐसपैस झाल्या आणि जागा घटून तेहतीस हजारांच्या आसपास आल्या. २ एप्रिलच्या अंतिम सामन्यासाठीं सामान्य जनतेला विकावयास त्यांतलीं सुमारें चार हजार तिकिटें निघालीं. पुढें २०२२ सालीं आय्. पी. एल्.च्या पांच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क अठ्ठेचाळीस हजार कोटींवर गेले. या हिशेबांत मैदानावरच्या माणसाचें तिकीट म्हणजे चिल्लर. तो हवा असतो तो गलक्यापुरता. आपण सामना पाहावयास आलों असें त्याला वाटतें, पण खरें तर तोहि दाखविला जात असतो.

२०१६ च्या एप्रिलमध्यें शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनें पाणी येत होतें. त्याच महिन्यांत मुंबई उच्च न्यायालयानें ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्यास सांगितलें, कारण खेळपट्ट्यांना पाणी लागे. तें वाचल्यानें आमच्या आडांत एक घागरहि वाढली नसती, हें येथील पोरालाहि कळत होतें. तरी तो आदेश ऐकून आम्हांला बरें वाटलें. तहानलेल्या माणसासमोर दुसऱ्यानें सडा घालूं नये, एवढी तरी मर्यादा कोणीं तरी बोलून दाखविली.

पण दुसरी बाजू न मांडणें अप्रामाणिकपणाचें होईल. २०१४ सालीं प्रो कबड्डी सुरू झाली, आणि ज्या खेळाला शहरी माणूस नाक मुरडीत असे तो दिवाणखान्यांत जाऊन बसला. खेळाडूंच्या हातीं मोल आलें. २०२२ सालीं पुण्यांत अल्टिमेट खो-खो झालें. माती जाऊन मॅट आली, डाव आंखूड झाला, 'वझीर' नांवाचा नवाच गडी पाटावर आला. जुने लोक हळहळले, आम्हीहि थोडेसे. पण पोटभर जेवलेल्यानें मातीच्या वासाचें कौतुक करावें आणि खेळाडूनें उपाशी राहावें, हा न्याय आम्हांला मान्य नाहीं. दूरचा प्रेक्षक हा शत्रू नव्हे. रात्रीचें जेवण आटोपून सामना लावणारे आम्ही स्वतः तरी दुसरे कोण आहोंत? आमचें म्हणणें एवढेंच कीं, दूरच्याची सोय पाहतांना जवळच्याची जी गैरसोय होते, तिची किंमत कोणी तरी मोजीत असतो, आणि बहुधा तो बैठकीला बोलाविलेला नसतो. तें दंव, तीं चार हजार तिकिटें आणि ती साडेसहाची एस्. टी. आम्हांला एकाच माळेंत ओंवलेलीं दिसतात.

आम्हीं बैठक पुन्हां बोलाविली. सामना चारला घ्यावा, असें आम्हीं सुचविलें. देणगीदार गृहस्थ नाराज झाले, आणि खांब तर उभे राहिले होते. अखेर सामना साडेसातलाच ठरला. मुलींना घरीं पोंचविण्यासाठीं दोन जीपगाड्या सांगितल्या. हा विजय कीं तडजोड, तें आम्हांला अजून ठरवितां आलेलें नाहीं. ती मुलगी उत्तम खेळली. तिचे वडील मात्र आले नव्हते. त्या आठवड्यांत त्यांच्या शिवारांत शेतीच्या विजेची पाळी रात्रीची होती, आणि ज्वारीला पाणी द्यावयाचें होतें.

जीपमध्यें बसतांना आम्हीं तिला विचारलें, "वडिलांनीं फोनवर तरी पाहिला का ग सामना?"

"पाहिला, सर," ती म्हणाली. "पहिला डाव. मग लाईट आली."