कोट बावन्न दिवसांत झाला, पुढे काय?

वाचन : नहेम्या १:१-४, ६:१५, ८:१-१२



यरुशलेमेचा कोट बावन्न दिवसांत बांधून पुरा झाला, ही गोष्ट आपण शब्बाथशाळेत मुलांना मोठ्या हौसेने सांगतो. परंतु नहेम्याचे पुस्तक तेथे संपत नाही. त्यानंतर लोक पाणीवेशीसमोरच्या चौकात जमले, एज्राने नियमशास्त्र वाचले आणि लेव्यांनी त्याचा अर्थ समजावून दिला. ऐकता ऐकता लोक रडू लागले. गवंड्यांचे काम संपले तेव्हा शिक्षकांचे काम सुरू झाले.

भूकंपानंतरही असेच होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो जीव गेले. देशभरातून मदत आली. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. पण नवे घर मिळाले म्हणून छपराखाली झोपण्याची भीती जात नाही, की गेलेली आई परत येत नाही. भारतीय जैन संघटनेने त्या भागातील सुमारे १२०० मुलांना पुण्यास आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. असे काम आठवड्याचे नसते, वर्षांचे असते. आपल्या मंडळ्यांनी हा धडा घ्यावा.

त्या मुलांना शिकवणारा शिक्षकही बहुधा स्वतः दुःखात असतो, हे आपण विसरतो. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमधील अंजार येथे प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत निघालेली १८५ मुले आणि २० शिक्षक ढिगाऱ्याखाली गेले. मागे राहिलेल्या शिक्षकांना पुन्हा वर्गात उभे राहायचे होते. त्यांना धीर कोणी द्यावा?

येथे दूरचे शिक्षक उपयोगी पडतात. नहेम्याही दूर शूशन राजवाड्यात होता. त्याने प्रथम वाचलेल्यांची विचारपूस केली, मग तो रडला, मग त्याने प्रार्थना केली. आज फोनवर हैदराबादचा शिक्षक, बडोद्याची शिक्षिका आणि भूकंपग्रस्त गावातील शिक्षक एकत्र बसू शकतात. महिन्यातला एक दिवस ठरवावा आणि तो वर्षानुवर्षे पाळावा. प्रथम त्यांना बोलू द्यावे. न मागितलेले धडे पाठवू नयेत. ते मागतील तेव्हा पाठ तयार करण्यास हात द्यावा. मातीची भिंत का पडते आणि पक्के घर कसे टिकते, हे मुलांच्या भाषेत कसे सांगावे याचा मिळून विचार करावा. त्या रात्रीची हकीकत मुलांकडून खोदून खोदून वदवून घेऊ नये.

एक दिवस एखादे मूल विचारील, “देवाने आमच्याच गावाला शिक्षा का केली?” एकट्या शिक्षकाला हा प्रश्न जड जातो. लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली. ती इतरांहून अधिक पापी होती, ही समजूत प्रभूने साफ नाकारली. तेव्हा आपणही कोणत्याही मुलाच्या माथी तो दोष मारू नये. उत्तर सापडले नाही, तर त्याच्याजवळ बसावे.

वर्तमानपत्रे विसरतील, ट्रक परत जातील. त्यानंतरच्या पाचव्या वर्षीही त्या शिक्षकाला आपला फोन जावा, एवढी चिकाटी प्रभू आपणांस देवो. आमेन.