शांतकाळातील खरेदी

आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 याचे 50 वे कलम मला वकील म्हणून नेहमी विचारात पाडते. आपत्ती ओढवली वा तिचे सावट पडले असता, बचाव व मदतकार्यासाठी तातडीची खरेदी करावयाची तर प्राधिकरणाच्या संमतीने निविदा मागविण्याचे बंधन तेथे सुटते. हे योग्यच. बुडणाऱ्यासाठी दोर घेताना दरपत्रके कोण चाळीत बसेल? परंतु आपत्तीचे नियोजन करणारी संगणक-प्रणाली म्हणजे काही दोर नव्हे. ती शांतकाळी घ्यावयाची असते. तेथे घाईची सबब चालत नाही.

मग सर्वांत कमी दर स्वीकारला की कर्तव्य संपले काय? होड्या, क्रेन, प्रशिक्षित माणसे यांची जिल्हावार नोंद जुनी झाली, तर यंत्र निमूटपणे फुटक्या होडीचाच पत्ता देणार. त्याच कायद्याचे 31 वे कलम जिल्हा योजना दरवर्षी तपासून अद्ययावत करावयास सांगते. त्या श्रमाचा खर्च निविदेत धरलाच नाही, तर तो दर स्वस्त कसला?

खरेदी करणारा अधिकारी यथावकाश बदलून जातो. पुराच्या पाण्यात उभा राहतो तो दुसराच. पैसा त्याचा, संकट त्याचे, निवड मात्र परक्याची. मी याला ग्राहकाचा नव्हे, विश्वस्ताचा व्यवहार म्हणेन. निदान खरेदीपूर्वी एखाद्या तलाठ्याला, वीज गेलेल्या पावसाळी रात्री, ती प्रणाली चालवावयास द्यावी आणि त्याची तक्रार लेखी घ्यावी.