अनंताला समोरची बाजू नसते

दिल्लीतल्या मुनिरक्यात मेट्रो स्टेशनजवळच्या टपरीवर चहा पिताना भौतिकशास्त्रातला एक मित्र सहज म्हणाला, "अनंत मितींच्या गटाला कसली आलीय भूमिती? सगळी बीजगणिताची कसरत." ते वाक्य अजून टोचतंय.

गट म्हणजे सममितींचा मेळ, हे सांगत बसत नाही. झाक तित्स यांनी अशा काही गटांना राहायला 'बिल्डिंग' नावाची रचना दिली. चेंबर हा तिचा घटक. तिची एक लहान गोड आवृत्ती अशी : सात बिंदू, सात रेषा, प्रत्येक रेषेवर तीन बिंदू, प्रत्येक बिंदूतून तीन रेषा. बिंदू ज्या रेषेवर असेल तिच्याशी तो जोडायचा. १४ शिरोबिंदू आणि २१ कडा होतात. या कडा म्हणजे चेंबर. कुठलीही एक कड धरा. तिच्यापासून सर्वांत दूर, अगदी समोर, अशा कडा ८ निघतात. आता जवळच्या कडा आधी आणि लांबच्या नंतर अशा बसवत चला. पहिल्या १३ कडांत एकही वेटोळं होत नाही. शेवटच्या ८ बसवताना मात्र प्रत्येकीमागे एक वेटोळं बंद होतं, म्हणजे एक पोकळी तयार होते. सॉलोमन आणि तित्स यांचं प्रमेय सांगतं, की सांत प्रकारच्या प्रत्येक बिल्डिंगमध्ये हेच घडतं : जितके चेंबर समोर, तितक्या पोकळ्या.

'मोठं' आणि 'न संपणारं' यांत मी नेहमी फरक करतो. मोठ्यालाही शेवटचं टोक असतं. व्हिक्टर कात्स आणि रॉबर्ट मूडी यांनी १९६०च्या दशकाअखेर स्वतंत्रपणे मांडलेल्या बीजगणितांतून जे अनंत मितींचे गट येतात, त्यांच्या बिल्डिंगमध्ये कितीही चाला, पुढे वाट असतेच. सर्वांत दूरचा चेंबरच नाही, म्हणून पोकळीही नाही. सगळी रचना एका बिंदूत आकसून येऊ शकते.

मित्राला हे कळलं असतं तर तो खूश झाला असता. बिंदूत आकसणाऱ्या गोष्टीत पाहायचं काय? पण पोकळी नाही म्हणजे आकार नाही, हे मला पटत नाही. तेव्हा कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असलेल्या श्रवण कुमार यांनी १९८७ साली गणितज्ञ देमाझ्यूर यांचं गटांच्या निरूपणांबद्दलचं सूत्र कुठल्याही कात्स-मूडी गटासाठी सिद्ध केलं. ऑलिव्हिए माथ्यू यांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे. त्या सिद्धतेत अनंत मितींचा अवकाश 'शूबर्ट' नावाच्या सांत मितींच्या तुकड्यांनी थराथराने भरत जातो, आणि त्या तुकड्यांची भूमिती वापरूनच सूत्र हाती येतं. मुंबईत झालेल्या या कामाबद्दल मराठीत कुणी चार ओळी लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही. याची मला खंत आहे.

तरी 'समोर' गेलं कुठे, हा प्रश्न राहतोच. मार्क रोनन आणि तित्स यांचं उत्तर : दुसऱ्या बिल्डिंगमध्ये. सर्वांत सोप्या उदाहरणात दोन अनंत वृक्ष असतात, प्रत्येक शिरोबिंदूपाशी तीन फांद्या. एका वृक्षातल्या कडेला स्वतःच्या वृक्षात समोरची कड नाही. तिच्या समोरच्या कडा त्या दुसऱ्या वृक्षात आहेत. मी निघालो होतो एका बिल्डिंगची बाजू मांडायला. आता म्हणतो, अनंत मितींत एकटी बिल्डिंग अर्धीच वस्तू आहे. खरी भूमिती दोघींमधल्या नात्यात आहे. ज्याला शंका असेल त्याने आधी ती २१ कडांची आकृती स्वतःच्या हाताने काढावी आणि मग वाद घालायला यावं.