चार उपग्रह आणि एक गुराखी

विरार पूर्वेच्या फुलपाड्यात दोघे भाऊ राहत. थोरला टेम्पो चालवी. धाकट्याने जुनी जीप घेऊन ट्रेकला जाणाऱ्यांना जव्हार-मोखाड्याकडे नेण्याचा धंदा सुरू केला होता. पावसाळ्याच्या तोंडावर दोघे जीपीएस यंत्र घ्यायला दुकानात गेले.

किंमत सांगण्याआधी दुकानदाराने विचारलं, "जायचं कुठे?"

"मी आपला हायवेनेच जातो," थोरला म्हणाला.

"मग तुम्हाला मोबाईल पुरे. फक्त नकाशा घरूनच उतरवून घ्या. आपण कुठे आहोत हे कळायला रेंज लागत नाही, पण नकाशा आयत्या वेळी मिळवायला लागते." मग तो धाकट्याकडे वळला. "तुम्ही रानात शिरणार. पावसात टिकणारं, बॅटरी बदलता येणारं आणि गेलेली वाट नोंदवून ठेवणारं घ्या. स्क्रीन केवढी, ते शेवटी बघा."

धाकट्याने तसंच यंत्र घेतलं आणि ऐटीत म्हणाला, "आता कुणाला वाट विचारायला नको!"

श्रावणात एका संध्याकाळी दोघे भाऊ मनोरवरून जव्हारला निघाले. विक्रमगड सोडल्यावर यंत्राने जवळचा कच्चा रस्ता दाखवला. धाकट्याने जीप तिकडे घातली. अंधारून आलं, मोबाईलची रेंज गेली. पुढे एका ओढ्याच्या अलीकडे इरलं पांघरलेला गुराखी आडवा आला.

"फरशीवरून पाणी चाललंय. मागे फिरा."

"बाबा, यात रस्ता सरळ दिसतोय. वरून चार-चार उपग्रह सांगतायत!"

थोरल्याने हँडब्रेक ओढला. "वीस हजार किलोमीटरवरचे उपग्रह एवढंच सांगतात, की तू कुठे उभा आहेस. रस्त्याची रेघ नकाशावाल्याने मारलीय, त्याला आजचं पाणी काय ठाऊक? जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ काय झालं? कळसूबाईला निघालेले तिघे मोबाईलच्या भरवशावर रात्री पुलाकडे गेले. पूल धरणाच्या पाण्याखाली होता. दोघे पोहून निघाले, गाडी चालवणारा बुडाला."

गुराख्याने हातातली काठी पाण्यात धरली. क्षणात ओढीने ती हातातून निसटली. धाकट्याने मुकाट्याने जीप वळवली.

परतताना काळोखात सगळे फाटे सारखेच दिसत होते. तेव्हा यंत्रात नोंदलेली वाटच उपयोगी पडली. तिच्या मागोमाग ते डांबरी रस्त्याला लागले.

"बघ दादा, पैसे वाया नाही गेले," धाकटा म्हणाला.

"नाहीच गेले. पण परतायला आपण उरलो, ते त्या गुराख्यामुळे."

तात्पर्य: जशी वाट, तसं यंत्र घ्यावं. आपण कुठे आहोत ते यंत्राला विचारावं. पुढे रस्ता आहे की नाही, ते तिथल्या माणसाला.