अपाय तर नाही!

आपल्या रोजच्या बोलण्यातली काही वाक्ये इतकी गरीब दिसतात, की त्यांच्याकडे कोणी संशयाने पाहत नाही. ‘गुण आला तर आला, अपाय तर नाही!’ हे त्यांतलेच एक. काढ्याची कृती सांगताना, चूर्णाची पुडी हातावर ठेवताना, परदेशाहून आणलेली जीवनसत्त्वांच्या गोळ्यांची बाटली भेट देताना हे वाक्य हमखास येते. ऐकणाऱ्याच्या मनातली उरलीसुरली शंका ते पुसून टाकते आणि सांगणाऱ्याला मोकळे करते. मी वैद्य नव्हे, डॉक्टर नव्हे. मुलांना मराठी शिकवणारा आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा मास्तर आहे. शब्दांशीच सारा व्यवहार असल्यामुळे असेल, पण या वाक्याने मला पुष्कळ दिवस सतावले आहे. औषधाचा प्रश्न जितका शरीराचा, तितकाच तो नीतीचाही आहे, असे मला वाटू लागले आहे.

जीवकाची गोष्ट बौद्ध ग्रंथांत आली आहे. तक्षशिलेला सात वर्षे वैद्यक शिकल्यावर गुरूने त्याला सांगितले, की नगराभोवती योजनभर फिर आणि औषधी नसलेली एखादी वनस्पती दिसली तर घेऊन ये. जीवक फिरला आणि रिकाम्या हातांनी परत आला. अशी एकही वनस्पती त्याला सापडली नव्हती. ही गोष्ट सांगताना आपण तिचा शेवट तेवढा लक्षात ठेवतो: निसर्गात सारे औषधच आहे! तिच्या आरंभीची सात वर्षे मात्र विसरतो. प्रत्येक झाडाचा उपयोग त्याला दिसला, कारण प्रत्येक झाड त्याला ओळखता येत होते. चरकसंहितेतही हा विचार स्पष्ट आहे. नीट योजलेले विषही औषध होते आणि चुकीच्या रीतीने योजलेले औषध विष होते, असे तिचे म्हणणे. म्हणजे ‘वनस्पती आहे, तेव्हा अपाय नाही’ हे मत आपल्या जुन्या शास्त्राचे नव्हेच. ते जाहिरातीचे मत आहे. जुन्या शास्त्राची शाल पांघरून ते आपल्यासमोर येते.

वनस्पतीत शक्ती नसते असे म्हणणाऱ्यांशीही माझे जमत नाही. सर्पगंधेचे उदाहरण आपल्या मुंबईतलेच आहे. ही मुळी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रोग्यांना पद्धतशीरपणे देऊन पाहिली आणि आपले निष्कर्ष १९४९ साली इंग्लंडातील हृदयरोगाच्या नियतकालिकात छापले. जगातल्या डॉक्टरांचे लक्ष त्या मुळीकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळे काढले. वाढलेला रक्तदाब औषधाने खाली आणता येतो, हे अनेकांना प्रथम पटले ते तिच्यामुळे. पण पुढे याच औषधाने, विशेषतः मात्रा जास्त झाली असता, काही रोग्यांना खोल खिन्नतेने घेरल्याच्या नोंदीही होऊ लागल्या. एकाच मुळीने रक्तदाब उतरवला आणि तिनेच मन काळवंडले, असे ते चित्र होते. यात विपरीत काही नाही. जे शरीरात शिरून काही बदलू शकते, ते भलतेही काही बदलू शकते. ज्याच्या अंगी अपाय करण्याचे सामर्थ्यच नाही, त्याच्याकडून गुणाची तरी आशा कशाला धरावी?

आता दुसरी बाजू, बाटलीतल्या गोळ्यांची. झाडपाला मानणारे गोळीला ‘केमिकल’ म्हणून नाक मुरडतात आणि गोळीवाले झाडपाल्याला अडाणीपणा म्हणतात. हे भांडण किती पोकळ आहे, ते परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये झालेल्या एका कामावरून दिसते. ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई १९२८ साली मुंबईत आल्या. गिरणीत राबणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणी एक भयंकर पंडुरोग होत असे. त्याचे कारण त्यांना शोधायचे होते. त्या बायकांचे जेवण कसले असते, इथपासून त्यांनी चौकशी केली. शेवटी यीस्टचा स्वस्तातला अर्क दिल्यावर बायका सुधारतात, असे त्यांना आढळले आणि १९३१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्या अर्कात जे काही होते तेच पुढे, १९४१ साली, पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले. त्याला नाव मिळाले फोलिक अॅसिड. लॅटिनमध्ये ‘फोलियम’ म्हणजे पान. आज गरोदर बाईच्या हातावर जी बारीकशी गोळी ठेवतात, तिच्या नावातच असे एक पान दडलेले आहे. मज्जारज्जूचा जन्मजात दोष असलेले मूल पूर्वी झालेल्या स्त्रियांनी गर्भधारणेच्या आधीपासून ही गोळी घेतली, तर तो दोष पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो, हे १९९१ साली सिद्ध झाले. आणि हीच गोळी बी-बाराची उणीव असलेल्या माणसाने नुसतीच घेत राहावी, तर रक्त सुधारल्यासारखे दिसते. आत मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते. पान चांगले की गोळी चांगली, हा प्रश्नच चुकीचा आहे. कोणाला, कशासाठी आणि किती, हे तीन प्रश्न खरे.

जीवनसत्त्व जास्त झाले म्हणून काय बिघडणार, असे म्हणणाऱ्यांनी फिनलंडमधील प्रयोग ध्यानात घ्यावा. गाजरासारख्या भाज्यांत बीटा-कॅरोटिन नावाचे द्रव्य असते. शरीर त्याचे ‘अ’ जीवनसत्त्व बनवते. अशा भाज्या पुष्कळ खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो असे दिसले होते. तेव्हा तेच द्रव्य गोळीतून द्यावे, ही कल्पना कोणालाही सुचावी अशीच होती. पन्नास ते एकोणसत्तर वर्षांच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर तिची परीक्षा झाली. १९९४ साली निकाल आला, तो असा, की ज्यांना बीटा-कॅरोटिन दिले त्यांच्यात हा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त झाला होता. गोळी देणाऱ्यांचा हेतू निर्मळ होता. फरक इतकाच, की त्यांनी ‘अपाय तर नाही’ असे म्हणून गोळी वाटली नाही; अपाय झालाच तर तो दिसावा, अशी व्यवस्था आधी केली आणि दिसल्यावर तो जगापुढे मांडला. या प्रामाणिकपणाला मी विज्ञान म्हणतो.

हा प्रामाणिकपणा फक्त प्रयोगशाळेतच असतो असे मात्र नव्हे. आपल्या घरांतील बाळगुटी आठवा. सहाणेवर हिरडा, वेखंड, जायफळ, मुरडशेंग, हळकुंड, बदाम, खारीक अशी एकेक वस्तू उगाळायची आणि प्रत्येकीचे वेढे मोजायचे. बदामाचे वेढे जास्त, जायफळाचा अगदी बेताचा. पोट बिघडले तर एखादी वस्तू वाढवायची, मूल सुस्त वाटले तर दुसरी वगळायची. आजचे बालरोगतज्ज्ञ पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच देऊ नका म्हणतात, आणि त्यांचेच ऐकावे. परंतु त्या म्हाताऱ्या बाईच्या मनात ‘अपाय तर नाही’ हे वाक्य नव्हते, एवढे मला सांगायचे आहे. अपाय होईल हे ठाऊक होते, म्हणूनच तर ती वेढे मोजीत होती! शिवाय ज्या पोराला गुटी पाजली, ते रात्रभर तिच्याच कुशीत असे. त्याची सकाळ कशी उजाडते, हे तिला पाहावेच लागे.

आज आपण बटवा उचलला आणि वेढे टाकून दिले. करोनाच्या साथीत गुळवेलीचा काढा घराघरांत शिजला; किती दिवस घ्यायचा, कोणी घ्यायचा नाही, हे विचारण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते. मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ साली गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, की घेतलेली वनस्पती खरी गुळवेलच होती याची खातरी केलेली नाही. तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असू शकेल. हा वाद तज्ज्ञांचा आहे. पण घटकाभर मंत्रालयाचे म्हणणे खरे धरले, तरी आपल्यासारख्यांनी निश्चिंत कसे व्हावे? कुंपणावरून वेल तोडून आणणाऱ्या माणसाला तरी ती कोठे ओळखता येते? जीवकाची सात वर्षे येथे आडवी येतात.

आमच्या शाळेत एक शिपाई होते; सारे त्यांना मामा म्हणत. त्यांना मधुमेह होता. एक सहशिक्षक त्यांना फार जपत. ‘मामा, जन्मभर गोळ्या खायच्या का? ही पूड घ्या. अपाय तर नाही!’ असे म्हणून ते दर महिन्याला पदरचे पैसे खर्चून पूड आणून देत. मामांनी गोळ्या सोडल्या. साताठ महिन्यांनी पायाला चपलेचा खिळा लागला. तो त्यांना कळलाही नाही, कारण पाय बधिर झाला होता. दोन बोटे काढावी लागली. सहशिक्षक इस्पितळात रोज डबा घेऊन जात होते.

या गृहस्थांना काय म्हणावे? मामांना लुबाडणारा भोंदू म्हणता येत नाही. त्या पुडीत बहुधा खरोखरच काही अपाय नव्हता. पुडीने जी जागा घेतली, त्या जागेत तो होता. माया हे ज्ञान नव्हे, आणि ज्ञानाची उणीव मायेने भरून निघत नाही, असा कठोर निवाडा मला करावा लागतो. काही घ्या म्हणून सांगणे वेगळे आणि काही सोडा म्हणून सांगणे वेगळे. दुसऱ्याला फार मोठा अधिकार लागतो. मात्र हा निवाडा करताना आणखी एक गोष्ट माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. मामा ज्या दवाखान्यात जात, तेथे त्यांच्याशी कोणी दोन मिनिटेही बोलत नव्हते. गोळी का घ्यायची, किती दिवस, सोडली तर काय होते, हे त्यांना कोणी समजावून सांगितले नव्हते. शेजारी बसून त्यांची तक्रार ऐकणारा माणूस पुडीवालाच होता. अनेक माणसे झाडपाल्याकडे वळतात ती झाडपाल्यासाठी नव्हे. कोणीतरी आपल्याकडे पाहावे म्हणून वळतात. ज्यांच्यापाशी ज्ञान आहे त्यांना वेळ नाही, आणि ज्यांच्यापाशी वेळ आहे त्यांना ज्ञान नाही. या दोहोंच्या मधल्या फटीत मामांची बोटे गेली.

परीक्षा जवळ आली की पालक माझ्याकडे येतात. ‘सर, पोराला ब्राह्मी द्यावी की व्हिटॅमिनच्या गोळ्या?’ मी त्यांना विचारतो, पोरगा झोपतो किती? सकाळी काही खाऊन येतो का? थकल्यासारखा दिसत असेल तर डॉक्टरांना दाखवून रक्त तपासले का? बहुतेकांना हे उत्तर फुकाचे वाटते. पुडी हातात पडली की काहीतरी केल्याचे समाधान मिळते; झोपेची पुडी बांधता येत नाही.

म्हणून कोणाला औषध सांगूच नये, असे माझे म्हणणे नाही. माणसाने माणसाची विचारपूस सोडली तर जगण्यात उरले काय? पण सांगणाऱ्याने दोन गोष्टींची तयारी ठेवावी. वेढे किती, हे त्याला ठाऊक असावे. आणि ठाऊक नसेल तर ज्याला ठाऊक आहे त्याच्या दारापर्यंत रोग्याला पोचवावे, तिथे त्याच्या शेजारी बसावे. आणि औषध दिल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी, ‘आता कसे वाटते?’ असे विचारायला त्याने स्वतः जावे. जो जाणार नसेल, त्याने ते गरीब दिसणारे वाक्य उच्चारू नये.