ओसाड कोणास म्हणावें?

भूमीस ‘ओसाड’ म्हणणें हें वरकरणी तिचें वर्णन दिसतें. वस्तुतः तो तिच्याविषयींचा निवाडा असतो. आमच्या हिमायतनगरच्या बाजूस माळावर पावसाळ्यांत गवत उभें राहतें, शेळ्यामेंढ्या त्यावर जगतात. तरी पीक येत नाहीं म्हणून तो माळ ‘पडीक’ ठरतो. ज्यास त्या जमिनीवर कांहीं उभारावयाचें असेल, त्याच्या हातीं हें विशेषण आयतेंच सांपडतें. मग नुकसानीची मोजदाद फार सोपी होते. जेथें कांहीं नव्हतेंच, तेथें गेलें तरी काय?

गोव्याच्या उत्तर टोकास, पेडणें तालुक्यांतील मोपा येथील विमानतळाच्या प्रकरणांत हाच प्रश्न निराळ्या रूपानें उभा राहिला. हें जांभ्या दगडाचें पठार. कोंकणांत अशा पठारास सडा म्हणतात. उन्हाळ्यांत सडा काळवंडलेला व उघडा दिसतो. परंतु पाऊस लागला म्हणजे त्यावर डबकीं भरतात, सीतेच्या आसवांचे निळे ताटवे उमटतात. जांभ्याच्या छिद्रांतून मुरलेलें पाणी उतारावर झरे होऊन बाहेर येतें आणि खालच्या वाड्यांचीं कुळागरें त्यावर पोसतात. अर्थात् सड्याची किंमत सड्यावर उभें राहून दिसत नाहीं. ती पायथ्याशीं कळते. मोजणारानें कोठें उभें राहावें, हा म्हणूनच केवळ शास्त्राचा प्रश्न नव्हे, नीतीचाहि आहे.

मोप्याच्या प्रकल्पास केंद्र सरकारनें २८ ऑक्टोबर २०१५ रोजीं पर्यावरणविषयक मंजुरी दिली. २९ मार्च २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती स्थगित केली. परिसरांतील जंगलें, संवेदनशील क्षेत्रें आणि तोडावीं लागणारीं झाडें यांची माहिती अर्जांत नीट दिलेली नाहीं, असा न्यायालयाचा ठपका होता. येथें ‘ओसाड’ या शब्दाचें काम मौनानेंच केलें! पुढें तज्ज्ञ समितीनें फेरविचार करून अधिक अटी घातल्या, १६ जानेवारी २०२० रोजीं स्थगिती उठली, आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमानांची ये-जा सुरू झाली.

कायद्यानें आपलें काम केलें, असें यावर कोणी म्हणतील. मला तें अर्धेंच पटतें. फेरविचारांत पुसला गेला तो प्रश्न ‘येथें बांधावें काय?’ हा नव्हे, तर ‘कोणत्या अटींवर बांधावें?’ हा होता. उशिरा उघड झालेल्या सत्यास एवढीच जागा उरते. विमानतळाची गरज खोटी होती, असें मात्र मी म्हणणार नाहीं. दाभोळीचें विमानतळ नौदलाचें, तेथें नागरी विमानांच्या वेळांस मर्यादा. शिवाय पेडण्याच्या तरुणांनाहि रोजगार हवाच होता. आपल्या नांदेडास विमान यावें म्हणून आतुर असणाऱ्या आम्हां मराठवाड्यांतील लोकांनीं त्यांस निसर्गप्रेमाचा उपदेश करणें शोभणार नाहीं.

दोष दुसरीकडे आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणें परिणामांचा अहवाल लिहिणारा सल्लागार प्रकल्पकर्त्यानेंच नेमावयाचा असतो, आणि जनसुनावणी होते ती अहवालाचा मसुदा तयार झाल्यावर. म्हणजे जमिनीचें पहिलें वर्णन ती मागणाराच करतो. तिजवर गुरें चारणारा व तिचें पाणी पिणारा पुढें हरकतदार म्हणून उभा राहतो. हा क्रम उलटा करावा. सल्लागाराची नेमणूक व वेतन प्रकल्पकर्त्याच्या हातीं असूं नये. आणि अर्जाचा पहिला कागद लिहिण्यापूर्वीं, निदान एक पावसाळा जाऊं देऊन, पायथ्याच्या वाड्यांत बसून विचारावें कीं, या सड्यावर काय काय आहे.