वजन कमी करताना छोटे अडथळे कसे ओलांडाल?

बंगळुरूच्या के. आर. पुरम भागात राहणाऱ्यांना आठवत असेल. २५ मार्च २०२३ रोजी तिथून व्हाइटफील्डपर्यंत मेट्रो सुरू झाली. शहराकडून बैयप्पनहळ्ळीपर्यंतची मेट्रो आधीपासून होतीच. मधला सुमारे दोन किलोमीटरचा तुकडा तेवढा राहिला, आणि तो खुला व्हायला ९ ऑक्टोबर उजाडला. तोवर प्रवाशांना उतरून बस धरावी लागे. टिन फॅक्टरीपाशी गर्दीत अडकलेल्याला हे दोन किलोमीटर समजावून सांगायला नकोत. एवढी मोठी सोय होऊनही, त्या तुकड्यामुळे 'जाऊ दे, गाडीच काढू' असे वाटणे किती स्वाभाविक होते!

वजन कमी करण्याचा तुमचा संकल्पही बहुधा अशाच एखाद्या तुकड्यापाशी अडतो. बूट कपाटात मागे गेलेले असतात. ऑफिसचा कॉल रात्री अकराला संपतो आणि सकाळी साडेसातला कॅब दारात येते. दर्शिनीत इडली मागितली की सवयीने वडाही मागितला जातो. शेजारच्या अक्का प्रेमाने होळिगे घेऊन येतात, म्हणजे आपल्या पुरणपोळीची सख्खी बहीणच! यातले काहीही मोठे नाही. म्हणूनच आपण त्याची दखल घेत नाही आणि सगळा दोष स्वतःच्या मनोबलाला देतो.

इथे एक प्रश्न विचारण्यासारखा आहे. खरा संयमी कोण? समोर वडा ठेवून न खाणारा, की वडा न मागवणारा? पुष्कळांना पहिला श्रेष्ठ वाटतो. अडथळा आधीच बाजूला करणे त्यांना पळवाट वाटते. मला तसे वाटत नाही. आश्रमात पहाटे घंटा का वाजवतात? उठावे की नाही, ही चर्चा मनाशी रोज नव्याने करावी लागू नये म्हणून. ज्यांनी आयुष्यभर मनाचा अभ्यास केला, त्यांनीही मनावर एवढा भार टाकला नाही. आपण मात्र दिवसभर दमलेल्या मनाकडून रात्री नऊ वाजता फरसाणाच्या डब्यासमोर वैराग्याची अपेक्षा करतो.

पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादात साधनेतले नऊ अंतराय सांगितले आहेत. त्यांत कोणी राक्षस नाही. व्याधी, मनाची जडता, संशय, बेसावधपणा, आळस अशी रोजच्या ओळखीची मंडळी आहेत. व्याधी सर्वांत आधी येते, हे लक्षात घ्या. गुडघा दुखत असेल किंवा थायरॉइडचा त्रास असेल, तर स्वतःला आळशी म्हणण्याआधी डॉक्टरांकडे जा. शेवटचा अंतराय अनवस्थितत्व, म्हणजे गाठलेल्या जागी टिकता न येणे. पाच किलो उतरवून सहा किलो पुन्हा चढवलेल्यांना त्याचा अर्थ लगेच कळेल.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास केला. तो २०१० मध्ये छापून आला. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात, असे त्यात दिसले. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मला त्यातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. एखादा दिवस चुकला, तरी सवय घडण्यात फारसा फरक पडत नव्हता. मग संकल्प मोडतो कशाने? चुकलेल्या दिवसानंतर आपण जो निकाल देतो, त्याने. 'माझ्याच्याने काही होत नाही.' एक फेरी चुकते आणि आपण सगळ्या माणसालाच नापास करतो. दुसऱ्या कुणाशी इतके कठोर वागलो, तर त्याला आपण अन्याय म्हणू.

अक्कांची होळिगे नाकारूच नका. अर्धी घ्या, बसून, चव घेत खा. त्यांना नाही म्हणून रात्री एकट्याने बिस्किटांचा पुडा संपवण्यात कसला संयम?

आज झोपण्यापूर्वी गेल्या आठवड्यातला फक्त एक अडथळा शोधा, सर्वांत क्षुल्लक वाटणारा. तो बूट असेल, तर बूट दारापाशी आणून ठेवा. फरसाणाचा डबा असेल, तर तो वरच्या फळीवर जाऊ दे. आणि पहाटे पाऊस असला तर काय करायचे, चालण्याऐवजी घरातच सूर्यनमस्कार की आणखी काही, तेही आताच ठरवून ठेवा. गजर वाजल्यावर अंथरुणात नको.